मशीनवाल्यांचा थोरला भाऊ

मशीनवाले आमच्या वक्तृत्व मंडळात पहिल्यांदा बोलायला उभे राहिले, तेव्हा दोन मिनिटांत त्यांनी एक अक्षरही उच्चारलं नाही. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण घड्याळ माझ्या हातात होतं.

मंडळ दर रविवारी दुपारी चार वाजता भरतं, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. घडीच्या पंचवीस खुर्च्या, एक टेबल आणि टेबलावर बिस्किटांचा रिकामा डबा. डब्यात विषयांच्या चिठ्ठ्या. ज्याचं नाव पुकारलं जाईल त्याने डब्यात हात घालायचा, चिठ्ठी उघडून विषय मोठ्याने वाचायचा आणि पाच सेकंदांच्या आत बोलायला लागायचं. तयारी नाही, कागद नाही, 'जरा विचार करून सांगतो' नाही. मी भिंतीशी बसते. एक मिनिट झालं की हिरवं कार्ड दाखवते, दीडला पिवळं, दोनला लाल. लाल वर गेलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, वक्ता खाली बसेपर्यंत. मग त्याचं वाक्य अर्धं राहिलं तरी बेहत्तर. नंतर श्रोत्यांपैकी एकाने एकच प्रश्न विचारायचा आणि वक्त्याने त्याला न थांबता उत्तर द्यायचं.

आणखी एक नियम आहे, सगळ्यांत जुना. त्या दोन मिनिटांत बोललेलं खरं धरायचं. कुणी म्हणालं, काल मला चंद्रावरून फोन आला, तर 'काहीतरीच काय' म्हणायचं नाही. 'आवाज स्पष्ट येत होता का?' असं विचारायचं. हा नियम आमच्या अध्यक्षांचा. ते दातांचे डॉक्टर. लोकांना तोंड उघडायला लावणं हा त्यांचा धंदाच, त्यामुळे मंडळही त्यांनीच काढलं. त्यांचं म्हणणं, माणूस अडखळतो तो खोटं पकडलं जाईल या भीतीने. भीती काढली की जीभ आपोआप सुटते.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं होते. लोकांचे आवाज जोडणं आणि वेळ संपली की तोडणं, दोन्ही केलं. मंडळात आठ वर्षांत मी लाल कार्ड एक सेकंद अलीकडे किंवा पलीकडे दाखवलेलं नाही. खुद्द डॉक्टर बोलत असले तरी नाही. मला याचा केवढा गर्व होता म्हणून सांगू! आता त्या गर्वाची आठवण झाली तरी मान खाली जाते.

तर मशीनवाले. शिवणयंत्रं दुरुस्त करणारे, म्हणून मशीनवाले. शिलाईच्या कारखान्यात ऐंशी यंत्रांची देखभाल त्यांच्याकडे होती आणि सुट्टीच्या दिवशी घरोघरची कामं. पन्नाशीचा माणूस, बारीक अंगाचा, नखांत तेलाची काळी रेघ, डाव्या अंगठ्याच्या नखाला मधोमध खाच. बोलण्याच्या बाबतीत तोंडात कायमची गुळणी. कारखान्याने सांगितलं होतं की तीन महिन्यांनी बारा नव्या मुली येणार आहेत, त्यांना यंत्र तुम्ही शिकवायचं. तेव्हापासून यांची झोप उडाली होती. ऐंशी यंत्रं कानाने ओळखणारा माणूस बारा मुलींच्या विचाराने घामाघूम व्हायचा.

पहिल्या रविवारी त्यांना विषय आला 'छत्री'. तो त्यांनी वाचला आणि उभे राहिले. हिरवं झालं, पिवळं झालं, लाल झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या. ते 'आभारी आहे' म्हणून बसले. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मला चीड येण्याऐवजी कौतुक वाटायला लागलं. दर आठवड्याला पंचवीस लोकांसमोर दोन मिनिटं मुकाट उभं राहायचं, यालाही छाती लागते.

तिसऱ्या रविवारी जिना उतरताना मी त्यांना गाठलं. मी मूळची फटकळ, त्यात आगाऊ सल्ले देण्याची हौस.

"अहो, घशात नेमकं अडतं काय?"

आम्ही खालच्या पायरीवर पोहोचलो तेव्हा उत्तर आलं. "'मी' म्हटलं की पुढचं सगळं बंद होतं, ताई. मी असा, मी तसा. लाज वाटते."

"हात्तिच्या! मग 'मी' म्हणू नका. भावाचं म्हणून सांगा. भाऊ आहे का?"

"नाही. एकटाच आहे."

"मग तर उत्तमच. तक्रार घेऊन यायला कुणी नाही."

आणि मी माझ्याच विनोदावर खो-खो हसले. जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही उगाच नाही.

पुढच्या रविवारी विषय आला 'चुकलेली बस'. मशीनवाल्यांनी चिठ्ठी वाचली, खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझा थोरला भाऊ." मग थांबलेच नाहीत. एका बाईला दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र हवं होतं, शेवटची बस निघून गेली, तेव्हा या भावाने यंत्राचं धड खांद्यावर टाकलं आणि अकरा मैल चालत नेलं. दर मैलाला खांदा बदलला. पोहोचल्यावर बाई म्हणाली, अहो, पाय तर तिकडेच राहिले, हे धड मी ठेवू कशावर! खोली हसून लोटपोट झाली. मी लाल कार्ड वर केलं तेव्हा ते नेमकं शेवटचं वाक्य संपवून बसत होते.

प्रश्नाची वेळ आली. कुणीतरी विचारलं, "भाऊ तुमच्यापेक्षा कितीने मोठा?"

"दोन वर्षांनी," मशीनवाले म्हणाले, श्वासही न घेता.

जिन्यात मी त्यांची पाठ थोपटायचीच बाकी ठेवली होती. ते लाजून म्हणाले, "गोष्ट माझीच हो, ताई. मीच गेलो होतो चालत. भावाच्या नावावर खपवली." मला इतका आनंद झाला की त्या दिवशी घरी जाताना मी वाटेत दोघांना हे सांगितलं, अर्थातच माझ्या सल्ल्याच्या उल्लेखासह.

मग दर रविवारी भाऊ यायला लागला. 'भीती' या विषयावर भावाच्या अंगठ्यातून चालत्या यंत्राची सुई आरपार गेली आणि त्याने आधी यंत्र बंद केलं, मग ओरडला. 'उशीर' या विषयावर तो स्वतःच्या शाळेच्या निकालाला तीन दिवस उशिरा पोहोचला. आमचे लोक नियमाप्रमाणे एकेक प्रश्न विचारायचे. भाऊ उंचीला केवढा? चष्मा लावतो का? घोरतो का? आणि मशीनवाले फटाफट उत्तरं द्यायचे. आम्ही पंचवीस जणांनी मिळून तो माणूस प्रश्नांनी घडवला, हे तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

एकदा डॉक्टरांनी थट्टेने विचारलं, "हे थोरले भाऊ तुमचे, कधी माझ्याकडे दात दाखवायला आले नाहीत?"

"आला होता की. खालची उजवी दाढ तुम्हीच काढलीत."

सगळे हसले. डॉक्टरही हसले. मात्र पंधरा दिवसांनी खुर्च्या लावताना डॉक्टर मला सहज म्हणाले, "त्यांच्या भावाच्या दाढेची मुळं फार वाकडी होती हो. पाऊण तास घाम गाळला मी." मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हे डॉक्टर थट्टा करताना डावी भुवई उडवतात. भुवई जागेवर होती.

मला मात्र त्याआधीच काहीतरी खटकायला लागलं होतं. एक्स्चेंजमध्ये दोन माणसं बोलत असताना तिसऱ्याने कुठेतरी रिसीव्हर उचलला, तर आवाज किंचित पोकळ होतो. कुणी बोलत नाही, खोकत नाही, पण लाइनवर आणखी एक जण आहे हे आम्हा बायकांना लगेच कळायचं. मशीनवाले 'माझा थोरला भाऊ' म्हणाले की खोलीतला आवाज तसा व्हायचा. मी दोनदा उठून दार उघडून पाहिलं. बाहेर जिना होता आणि भिंतीवर वाचनालयाच्या वेळांची पाटी.

त्याच सुमारास माझं शिवणयंत्र बिघडलं. टाका सुटायचा, खाली धाग्याचा गुंता व्हायचा. मी मशीनवाल्यांना बोलावलं. ते आले, बॉबिन काढलं, सुई उलटी बसवली होती ती सरळ केली आणि 'ताई, यंत्र ठीक आहे, बिघडलंय ते मालकिणीचं लक्ष' असं म्हणाले. एवढं बोलायला लागले होते! मी खूश होऊन म्हटलं, "अकरा मैल खांद्यावर यंत्र वाहणाऱ्याला माझं हे यंत्र म्हणजे किस झाड की पत्ती."

ते तेलाची बाटली बंद करत होते. "मी नाही हो. भाऊ."

"अहो, मला तुम्हीच जिन्यात सांगितलंत, गोष्ट माझीच म्हणून."

"असं म्हणालो?" त्यांनी खरंच आठवून पाहिलं. "नाही ताई. मला कुठे झेपतंय एवढं."

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. डावा अंगठा यंत्राच्या चाकावर होता. नख गुळगुळीत होतं, नव्या बटणासारखं. खाच कुठेच नव्हती.

उजवा हात पाहिला, तोही साफ. मी विचारलं, "तुमच्या अंगठ्यात सुई गेली होती ना?" तर ते म्हणाले, "भावाच्या गेली होती. तुम्ही ऐकलंय की." आणि पिशवी उचलून गेले. मी चहा टाकला होता तो तसाच आटला.

आता मला विचाराल की तेव्हाच मी त्यांना थांबवलं का नाही. थांबवायला हवं होतं. पण वय झालं की माणूस आधी स्वतःच्या डोळ्यांना दोष देतो. मी चष्म्याचा नंबर तपासून घेतला.

मग 'वाट पाहणे' हा विषय आला. त्या दिवशी मशीनवाल्यांनी सांगितलं ते ऐकून खोलीत कुणी हललं नाही. भावाची बायको बाळंतपणात अडली, मूल गेलं, तीही जाते की राहते अशी झाली. हा भाऊ दवाखान्यात तिच्या खाटेशी अकरा दिवस बसून राहिला. परिचारिका हाकलायची तेव्हा खाटेखाली सरकायचा. बाराव्या दिवशी तिने डोळे उघडले आणि पहिलं काय म्हणाली, तर 'दाढी करा'. मी लाल कार्ड उचललं तेव्हा माझे डोळे भरलेले होते, तरी वेळ मात्र अचूक होती.

चार दिवसांनी त्यांची बायको माझ्या घरी आली. मी तिला तोंडओळखीने ओळखत होते. घरी बसून काजं-बटणं करायची, बोलकी, हसरी, जरा स्थूल. काज करून झालेल्या सदऱ्यांचा गठ्ठा तिच्याजवळ होता.

"ताई, तुमचे उपकार आहेत," ती म्हणाली. "आमच्याकडे हे जेवताना सुद्धा बोलायला लागलेत. मोठ्या भाऊजींच्या गोष्टी सांगतात."

"कुठल्या मोठ्या भाऊजींच्या?"

"यांच्या थोरल्या भावाच्या. तुम्हाला माहीत नाहीत? फार देवमाणूस हो. मी दवाखान्यात होते ना, मूल गेलं तेव्हा, अकरा दिवस माझ्या उशाशी बसले होते. सख्खा भाऊ करणार नाही एवढं केलं."

हातातला कप मी बशीत ठेवला. "आणि तुमचे हे? ते कुठे होते?"

ती सदऱ्याच्या घडीवरून हात फिरवत राहिली. "कामावर असतील," ती म्हणाली. मग अगदी हळू, दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं, "तेव्हा यांचं काही आठवत नाही मला. चांगले आहेत हो, त्रास नाही त्यांचा."

त्रास नाही त्यांचा! सव्वीस वर्षांच्या संसारानंतर बायकोने नवऱ्याबद्दल असं बोलावं, भाड्याने राहणाऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं. मला तिचा राग आला आणि लगेच कळलं की राग करायचा तर माझा करायला हवा. तो भाऊ मी दिला होता.

दुसऱ्याच दिवशी मशीनवाले आले. बसले नाहीत. खिशातून कागद काढून माझ्यासमोर धरला. कारखान्याच्या जुन्या हजेरीपत्रकाची नक्कल. त्यांच्या नावापुढे सलग अकरा दिवस रजा.

"ताई, मला दवाखान्यातलं काही आठवत नाही. ती म्हणते भाऊ बसला होता. मलाही तसंच वाटतं. पण मी कामावर नव्हतो, हे इथे लिहिलंय. मग अकरा दिवस मी होतो कुठे?"

मी कागद हातात घेऊन दिवस मोजले. अकराच होते.

"घरी ती मला ताट वाढते आणि 'अजून काही लागेल का' विचारते. पाहुण्याला विचारतात तसं. परवा मी खोलीत गेलो तर तिने पदर सावरला." त्यांनी माझ्या हातातला कागद परत घेतला. "जे जे मंडळात बोललो ते सगळं गेलं, माझ्यातून आणि तिच्यातूनही. एकच गोष्ट राहिलीय. आमचं कसं जमलं ती. ती कुणाला सांगितली नाही म्हणून राहिली. ती गोष्ट असेपर्यंत मी हिचा नवरा आहे. पण रोज पुसट होतेय, ताई. नुसतं गप्प बसून टिकणार नाही."

"मग उपाय काय?"

"बोलून गेलं, तर बोलूनच राहील. तिथे बोललेलं खरं धरतात ना? तिच्यासमोर, तिथे उभं राहून, 'मी' म्हणून सांगायचं."

मला ते पटलं. अजूनही वाटतं, त्यांचा हिशेब बरोबर होता. चूक दुसरीकडे झाली.

सोमवार ते शनिवार, रोज कारखाना सुटल्यावर, आम्ही वाचनालयाच्या वरच्या खोलीत 'मी' घोकलं. मी पंचवीस रिकाम्या खुर्च्यांपैकी एकीवर बसायचे आणि ते टेबलापाशी उभे राहायचे. गोष्ट सांगायची नाही, ती जपून ठेवायची. नुसता सराव करायचा. मी यंत्र दुरुस्त करतो. मी डाव्या हाताने जेवत नाही. मी आज दोन सुया मोडल्या. पहिल्या दिवशी 'मी'नंतर त्यांचा घसा असा आवळायचा की मला पाणी द्यावं लागायचं. बुधवारी एक वाक्य पूर्ण झालं. शनिवारी त्यांनी सलग सात वाक्यं 'मी'ने सुरू केली आणि दोघंही परीक्षा पास झाल्यासारखे हसलो. सरावाला मी घड्याळ लावलं नव्हतं, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

विषयाचीही व्यवस्था केली. आठ वर्षांत मी पहिल्यांदा लबाडी केली. रविवारी लवकर जाऊन डब्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि तीस नव्या टाकल्या, सगळ्यांवर एकच विषय, 'पहिली भेट'. डॉक्टरांना सांगितलं की आज पहिलं नाव मशीनवाल्यांचं पुकारा. ते म्हणाले, "का हो, वशिला?" मी म्हटलं, "हो, वशिला."

बायको आली होती. दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी. त्यांच्या बरोबर आली तरी दारातून आत येताना दोन पावलं मागे उभी राहिली होती, हे मी पाहिलं.

मशीनवाले उठले. चिठ्ठी काढली. "पहिली भेट," वाचलं. मी घड्याळ सुरू केलं.

पाच सेकंद गेले. दहा गेले. ते बायकोकडे बघत होते. ओठ उघडायचे, मिटायचे. खोलीला तर त्यांच्या गप्प राहण्याची सवय राहिली नव्हती. लोक चुळबुळ करायला लागले. एक मिनिट झालं, मी हिरवं वर केलं आणि त्याच वेळी त्यांच्या तोंडून निघालं, "मी."

बास. पुढे काही नाही. "मी," पुन्हा म्हणाले. गळ्याची शीर ताठ झाली होती. शनिवारचा माणूस कुठे गेला होता, कुणास ठाऊक. पंचवीस रिकाम्या खुर्च्यांना सांगणं वेगळं आणि त्या एका बाईला सांगणं वेगळं.

बायकोला त्यांचीच लाज वाटायला लागली. तिने आजूबाजूला पाहिलं, पिशवीचा बंद मनगटावर घेतला आणि अर्धवट उठली. मी पिवळं वर केलं. तीस सेकंद राहिले होते आणि ती निघाली होती. तिला थांबवायचं तर काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि त्यांना न अडखळता बोलण्याची एकच वाट ठाऊक होती. ती वाट मीच दाखवलेली.

"माझा थोरला भाऊ," मशीनवाले म्हणाले.

खोलीतला आवाज पोकळ झाला. बायको परत बसली.

ते भराभर सांगायला लागले. भाऊ एका घरी यंत्र दुरुस्त करायला गेला. तिथे मुलगी होती. यंत्रात बिघाड एवढासा, एक स्क्रू ढिला. भावाने तो घट्ट केला आणि जाताना दुसरा ढिला करून ठेवला. चार दिवसांनी बोलावणं आलं. मग त्याने पट्टा सैल केला. पुन्हा बोलावणं. तिसऱ्यांदा बॉबिनची डबीच खिशात घालून आला. वडील म्हणाले, काय कारागीर आहे, एक यंत्र महिनाभर पुरतं याला! चौथ्यांदा मुलगी स्वतः दारात उभी होती आणि म्हणाली, 'आज काय बिघडवणार?'

बायको मोठ्याने हसली. मी तिला तशी हसताना कधी पाहिलं नव्हतं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती तोंडावर हात न धरता हसत होती, सगळ्यांसमोर. मशीनवाले एक पाऊल पुढे आले. त्यांचा चेहरा उजळला होता. घसा मोकळा झाला होता, ते माझ्या कानाला कळलं. आता येणार होतं, नक्की येणार होतं.

"आणि तो भाऊ म्हणजे..." ते म्हणाले.

आणि माझा हात वर गेला.

मी उचलला नाही हो. तो गेला. आठ वर्षांची सवय, त्याआधीची एकतीस वर्षांची. काटा बारावर आला आणि लाल कार्ड वर गेलं. पंचवीस जणांनी टाळ्यांचा कडकडाट केला, एवढी सुंदर गोष्ट ऐकून करणार नाहीत तर काय! त्या आवाजात मशीनवाल्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते मी पाहिलं. एकच अक्षर होतं. ते त्यांनी दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा जवळजवळ ओरडून म्हटलं असावं, कारण मान पुढे आली होती. कुणाला ऐकू गेलं नाही. सर्वांत जोरात टाळ्या त्यांची बायको वाजवत होती. मी कार्ड खाली घेतलं, 'थांबा, थांबा' म्हणाले, पण वक्ता बसेपर्यंत टाळ्या थांबवायच्या नाहीत असा नियम आहे. ते बसले तेव्हाच टाळ्या थांबल्या.

"छान," डॉक्टर म्हणाले. "एक प्रश्न. कोण विचारतंय?"

बायकोने हात वर केला. ती उभी राहिली, डोळे पुसले, आणि आपल्या नवऱ्याकडे मोकळ्या, आपुलकीच्या नजरेने पाहिलं. घरच्या धाकट्या माणसाकडे पाहतात तसं.

"भाऊजी," ती त्यांना म्हणाली, "हे परत कधी येणार हो?"

कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. डॉक्टर मान डोलावत होते. मी सगळ्यांकडे पाहिलं, एकही भुवई हलली नाही. मला ओरडायचं होतं की बाई, हाच तो, अकरा दिवस तुझ्या खाटेखाली सरकणारा हाच. आयुष्यभर नको तिथे चुरूचुरू बोलले आणि त्या वेळी माझी जीभ टाळ्याला चिकटली.

मशीनवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. पाच सेकंदांच्या आत, अगदी आत, ते उठून उभे राहिले.

"येईल, वहिनी," ते म्हणाले. "तुम्ही काळजी करू नका."

"वा," डॉक्टर म्हणाले, आणि खरंच, उत्तर चोख होतं. इतकं न अडखळता ते त्याआधी कधी बोलले नव्हते.